सात नंबरच्या खाटेवरचा तास

डोळे मिटा आणि माझ्याबरोबर थोडी कल्पना करा. तुम्ही अकरा वर्षांचे आहात आणि पाच दिवसांपासून उताणे पडून आहात. मानेच्या उजव्या बाजूला करंगळीएवढ्या जाड दोन नळ्या आहेत. एकीतून तुमचं रक्त बाहेर जातं, काळपट, जांभळाच्या रसासारखं. खाटेशेजारच्या मशीनमधून ते फिरतं आणि दुसऱ्या नळीतून लालभडक होऊन परत अंगात येतं. तापानंतर तुमचं हृदय सुजून थकलं आहे, म्हणून त्याचं आणि फुप्फुसांचं काम ते मशीन करतंय. तोंडात श्वासाची नळी आहे, त्यामुळे बोलता येत नाही. मान हलवायची नाही. पण तुम्ही जागे आहात. सगळं दिसतंय, सगळं ऐकू येतंय. आणि एक म्हातारी बाई हातात रंगीत चित्रं घेऊन येते आणि म्हणते, "चल, आज आपण नवीन काहीतरी शिकू."

आता डोळे उघडा. ती म्हातारी बाई मी. आणि सात नंबरच्या खाटेवर होती तेजल मारबते, भंडारा जिल्ह्यातल्या एका तळ्याकाठच्या गावची. इयत्ता सहावी.

छत्तीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवून मी निवृत्त झाले होते आणि नागपूरच्या एका मोठ्या रुग्णालयात आजारी मुलांची शाळा चालवत होते. शाळा म्हणजे काय, रोज सकाळी या खाटेवरून त्या खाटेवर जायचं. अतिदक्षता विभागात खडू चालत नाही, धूळ उडते. म्हणून तेजलला मी पुसता येणारी पांढरी प्लास्टिकची पाटी आणि निळं पेन दिलं होतं. पाच दिवसांत तिनं त्यावर अपूर्णांकांची बेरीज शिकून घेतली होती. 'कसं वाटतंय' असं विचारलं की ती लिहायची, 'बरं'. रोज तेच.

सहाव्या दिवशी सकाळी साडेअकराला डॉ. अनुजा गाडगे यांनी मला दारापाशीच गाठलं. शेजारी तेजलचे वडील, ताराचंद मारबते, हात जोडल्यासारखे उभे होते. तळ्यात जाळं टाकून मासे धरणारा माणूस. तिथल्या पांढऱ्या फरशीवर त्यांना पाय कुठे ठेवावा तेही कळत नव्हतं.

"बाई, आमच्या अभ्यासाबद्दल तिला तुम्हीच समजावा," डॉक्टर म्हणाल्या. "मी जवळ गेले की ती डोळे मिटून घेते."

हा अभ्यास काय होता ते तुम्हालाही सांगते. रक्ताला प्लास्टिकची सवय नसते. नळीला लागलं की त्याला वाटतं, कुठेतरी जखम झाली, चला, गोठून भोक बुजवा. मग मशीनमध्येच गुठळ्या धरायला लागतात. म्हणून रक्त गोठू नये यासाठी सतत औषध द्यावं लागतं. सगळे त्याला रक्त पातळ करण्याचं औषध म्हणतात. ते कमी पडलं तर गुठळी होते. जास्त झालं तर भलतीकडूनच रक्त वाहायला लागतं, कधी मेंदूतसुद्धा. त्यासाठी एक जुनं औषध होतं आणि एक नवं. मोठ्या माणसांना दोन्ही देत. लहान मुलांसाठी कोणतं चांगलं, ते आमच्या डॉक्टरांना ठाम सांगता येत नव्हतं. म्हणून त्यांनी ठरवलं होतं की जे तयार होतील त्यांच्यासाठी एक बंद पाकीट उघडायचं, आत निघेल ते औषध द्यायचं आणि रक्त थोडं जास्त वेळा तपासायचं. सगळ्या मुलांचं मोजून झालं की मग उत्तर मिळेल.

"आज चार वाजता तिच्या मशीनमधल्या नळ्यांचा संच बदलायचाय," डॉक्टर म्हणाल्या. "गुठळ्या वाढल्यात. पाकीट उघडायचं तर त्याआधी. वडिलांची सही झालीय. पण नियम असा आहे की समजत्या वयाचं मूल जागं असेल तर त्यालाही विचारायचं. ते नाही म्हणालं तर नाही."

"मी तं सई केली जी," ताराचंद म्हणाले. "तिले काहून इचारता? लेकरू हाये ते. तुमी म्हनान तसं."

मला तर हुरूप आला होता. आदल्या दिवशीच डॉक्टरांनी कागद दिला होता आणि रात्री बसून मी नऊ चित्रं काढली होती. रक्ताच्या थेंबाला डोळे काढले, टोपी घातली, नाव ठेवलं थेंबू. थेंबू प्लास्टिकच्या बोगद्यात शिरतो, घाबरतो, मित्रांना घट्ट मिठी मारतो, ती झाली गुठळी. मग दोन औषधं, दोन पोलीसदादा. एक जुना, मिशीवाला. एक नवा.

तेजलनं सगळं पाहिलं. प्रत्येक चित्रानंतर मी विचारलं, "समजलं?" तिनं अंगठा वर केला. शेवटी मी म्हणाले, "मग डॉक्टरांनी पाकीट उघडलं तर चालेल ना?"

तिनं पाटीवर लिहिलं, 'हो'.

"शाब्बास! शहाणी माझी मुलगी!"

बारा मिनिटं लागली. डॉक्टरांनी चित्रं उलटसुलट करून पाहिली आणि हसल्या. "बाई, हा पोलीस आमच्या डीनसरांसारखा दिसतोय. छापूनच घेऊ ही चित्रं." मी चहा प्यायला गेले. खोटं कशाला बोलू, मला स्वतःचा फार अभिमान वाटत होता.

चहाचा दुसराच घोट असेल. मला एकदम आमच्या शाळेची तपासणी आठवली. साहेब येणार म्हणून मी सगळ्या वर्गाला पढवून ठेवलं होतं की काहीही विचारलं तरी जोरात 'हो' म्हणायचं. साहेबांनी विचारलं, "रोज अभ्यास करता?" "होऽऽ." "बाई शिकवतात ते समजतं?" "होऽऽ." साहेब हुशार होते. त्यांनी विचारलं, "असं हो म्हणायला बाईंनीच शिकवलंय?" "होऽऽ!"

तेव्हा सगळे हसले होते, मीही. आता हसू येईना. मुलं 'हो' म्हणाली की त्यांच्या चेहऱ्यावर एक सुटकेची कळा येते, चला, बाईंचं समाधान झालं. तीच कळा मी आत्ता तेजलच्या चेहऱ्यावर पाहून आले होते.

चहा तसाच ठेवून मी परत गेले. खाटेशेजारी मशीन चालवणारे सुशील खोब्रागडे दर तासाची तपासणी करत होते. बॅटरीचा झोत टाकून मशीनमधले काळे ठिपके शोधायचे आणि कागदावर उतरवायचे. तेजल नजरेनं त्यांच्याबरोबर ठिपके मोजायची.

मी अगदी गंभीर चेहऱ्यानं म्हणाले, "तेजल, एक सांगायचं राहिलं. उद्यापासून तुला जेवायला फळा पुसायच्या डस्टरची भाजी. चालेल ना?"

तिनं माझ्याकडे पाहिलं. पेन उचललं. 'हो.'

खोब्रागड्यांचा बॅटरीचा हात जागीच थांबला.

मी थेट डॉक्टरांच्या टेबलाशी गेले. "अनुजाताई, ते 'हो' धरू नका. खरं नाहीये ते. मी पोरीला शिकवलं नाही, पढवलं."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. दोन रात्रींची झोप नव्हती त्यांना. "बाई, नियमाप्रमाणे विचारून झालंय. दीड वर्षात एकतीस मुलं मिळालीत. ही बत्तिसावी. तुम्ही परत विचारायला गेलात तर ती नाही म्हणेल."

"म्हणू दे की."

"घाबरून म्हणेल."

"आत्ताही घाबरूनच हो म्हणालीय. मला तासभर द्या. चारच्या आत तिचं खरं उत्तर आणते, जे असेल ते."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग घड्याळाकडे. "साडेबारा झालेत. दीडपर्यंत."

बाहेर ताराचंदांना कसं कोण जाणे, कळलंच. ते माझ्यामागे आले. आवाज दबलेला. "बाई, हात जोडतो जी. तुमी कायले पेच पाडता? डॉक्टरीन बाई नाराज झाल्या अन् मशीनकडे पाह्यलंच नाही तं? आमी गरीब मानसं. आमाले नाही म्हनाचं जमत नाही."

त्यांच्या त्या बोलण्यानंच मला पुढचा धडा सुचला.

तेजलच्या खाटेशी स्टूल ओढून मी बसले. "आजचा दुसरा तास. विषय एकच, 'नाही'. लिही."

तिनं लिहिलं, बारीक, कोपऱ्यात.

"एवढंसं? हे तर मुंगीचं नाही झालं. माणसाचं लिही."

थोडं मोठं लिहिलं.

"आता प्रश्न. डस्टरची भाजी खाणार?"

पेन हवेत थांबलं. माझ्या चेहऱ्यावर उत्तर शोधत होती ती. मी चेहरा भिंतीसारखा केला. शेवटी तिनं लिहिलं, 'नाही'.

"पाटीचा गृहपाठ पन्नास वेळा?"

'नाही.'

"खोब्रागडे सरांचं गाणं ऐकायचं?"

खोब्रागडे म्हणाले, "बाई, मला कशाला मध्ये घेता?" आणि तरी गायला लागले. सुरांचा त्यांचा काही संबंध नव्हता. पलीकडच्या नर्सनं पडद्यातून डोकं काढलं. तेजलनं अख्खी पाटी भरून लिहिलं, 'नाही!!' आणि तिचे खांदे हलायला लागले. तोंडात नळी असताना माणूस कसा हसतो, ते मी त्या दिवशी पाहिलं. नुसत्या डोळ्यांनी. पाणी येईपर्यंत.

"बघा, गाणाऱ्याची किंमत नाही या वॉर्डात," खोब्रागडे म्हणाले.

तिचं हसू ओसरू दिलं आणि मी हळूच विचारलं, "बाळा, आता खरं सांग. सकाळी पाकिटाला 'हो' का लिहिलंस?"

तिनं पाटी पुसली. कोपरा न् कोपरा पुसला. पेन टेकवलं, उचललं, परत टेकवलं. मग एकेक अक्षर काढत लिहिलं.

'नाही म्हटलं तर मशीन बंद करतील.'

माझ्या नऊ चित्रांत टोपीवाला थेंबू होता, पोलीसदादा होते, बोगदा होता. आणि ही पोर पाच दिवस त्या मशीनच्या रक्त फिरवणाऱ्या चाकाकडे बघत पडून होती की कोण कधी ते थांबवेल. 'कसं वाटतंय' विचारलं की 'बरं' लिहायची, तेही त्याच भीतीनं.

मी डॉक्टरांना बोलावून आणलं आणि पाटी दाखवली.

डॉ. गाडग्यांनी ती वाचली. तेजलनं लगेच डोळे मिटून घेतले. डॉक्टरांनी अंगातला पांढरा कोट काढला, स्टुलावर बसल्या आणि म्हणाल्या, "तेजल, मशीन बंद होणार नाही. तू हो म्हण, नाही म्हण, मला माकड म्हण. तुझं हृदय तयार होईपर्यंत ते चालणार. नाही म्हणालीस तर जुनं औषध, जे आज चालू आहे तेच. एवढंच."

डोळे उघडले, पण विश्वास बसलेला नव्हता. शब्दच ते. शब्दांना काय लागतं?

डॉक्टरांच्याही ते लक्षात आलं असावं. त्यांनी गळ्यातला स्टेथोस्कोप कानाला लावला. "छाती ऐकू का तुझी?"

तेजलनं माझ्याकडे पाहिलं. मी भिंत. मग मशीनकडे पाहिलं, खोब्रागड्यांनी तिला शिकवलेल्या आकड्याकडे, मिनिटाला किती लिटर रक्त फिरतंय त्याचा आकडा. दोन पूर्णांक एक दशांश. तिनं लिहिलं, 'नाही'.

डॉक्टरांनी स्टेथोस्कोप काढला, घडी करून मांडीवर ठेवला आणि हाताची घडी घातली. बाहेर राउंडसाठी दोन कनिष्ठ डॉक्टर येऊन थांबले, त्यांनाही त्यांनी हातानंच थांबवलं. तेजल आकड्याकडे बघत होती. दोन पूर्णांक एक. चाक फिरत होतं. अर्धं मिनिट गेलं असेल, एखादं मिनिट. दोन पूर्णांक एक.

मग तिनं पाटी पुसून लिहिलं, 'आता ऐका.'

डॉक्टरांनी छाती ऐकली. ऐकायला नेहमीपेक्षा जास्त वेळ लागला त्यांना, आणि खाली घातलेली मान त्यांनी लवकर वर केली नाही.

त्यानंतर जे प्रश्न सुरू झाले! पाच दिवस दाबून ठेवलेले प्रश्न. 'जास्तीचं रक्त सुईनं काढणार?' नाही, याच नळीतून, चमचाभरापेक्षा कमी. 'रक्त संपेल?' नाही, त्याचा हिशोब ठेवतो आम्ही. 'नवीन औषधानं दुखतं?' नाही. 'दोन्हीत चांगलं कोणतं?'

"मला माहीत नाही," डॉक्टर म्हणाल्या.

तेजलच्या भुवया वर गेल्या. 'तुम्ही डॉक्टर ना?'

खोब्रागड्यांनी खोकल्याचं निमित्त करून तोंड फिरवलं.

"हो ना. म्हणून तर शोधतेय," डॉक्टर म्हणाल्या. "माहीत असतं तर पाकीट कशाला ठेवलं असतं? सरळ चांगलं तेच दिलं असतं."

हे मात्र तिला पटलेलं दिसलं. माझ्या नऊ चित्रांत हे एक वाक्य नव्हतं. पाटी छातीवर ठेवून ती वर छताकडे बघत राहिली. घड्याळात दीड वाजून गेला. कुणी तिला घाई केली नाही. पावणेदोनला तिनं लिहिलं.

'नाही.'

मोठं, मधोमध, शिरोरेघ सरळ.

माझ्या ओठांवर 'का गं?' आलं होतं. डॉक्टरांनी माझ्याकडे बघून नकारार्थी मान हलवली. कारण विचारायचं नाही. नाही म्हणजे नाही, त्याला कारण लागत नाही. त्यांनी कागदावर 'मुलीचा नकार' असं लिहिलं, वेळ घातली, खाली सही केली. पाकीट न उघडता परत खणात गेलं. बत्तिसावी जागा रिकामीच राहिली. जाताना त्या तेजलला म्हणाल्या, "थँक्यू." आणि मला हळूच म्हणाल्या, "बाई, ती चित्रं मला आता नकोत. उद्या नवीन काढू. दोघी बसून."

चार वाजता संच बदलला. खोब्रागडे आणि डॉक्टरांनी मिळून नळ्या इकडच्या तिकडे केल्या, मिनिटभराचंही काम नव्हतं ते. जुनंच औषध चालू राहिलं. तुम्ही धाकधुकीत असाल म्हणून सांगून टाकते, अकराव्या दिवशी तिच्या हृदयानं काम हातात घेतलं, मानेतल्या नळ्या निघाल्या आणि महिनाभरात ती चालत घरी गेली. डॉक्टरांचा अभ्यासही पुढे पूर्ण झाला, तिच्याशिवाय.

पण माझ्या डोळ्यांपुढे राहिलाय तो त्याच दिवशीचा पाचचा सुमार. भेटण्याची वेळ. ताराचंद आत आले ते घाबरेघुबरे.

"नाही म्हनलं तू? डॉक्टरीन बाईले? काय केलं पोरी तू हे!" ते माझ्याकडे वळले. "बाई, मी जाऊन पाया पडून येतो त्यांच्या."

तेजलनं पाटीवर पेन ठोकलं. टक, टक. त्यांनी वळून पाहिलं. तिनं लिहिलं होतं, 'बाबा, तू सही कशाची केली?'

ताराचंद अक्षरं लावत वाचत राहिले. "कशाची म्हंजे? तुह्या इलाजाची."

'नाही.'

"मंग कशाची?" त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

मला सांगता आलं असतं. जीभ शिवशिवत होती. छत्तीस वर्षांची सवय. मी ओठ घट्ट मिटले आणि तेजलकडे बोट दाखवलं.

तिनं पाटी पुसली. खाटेची कड थोपटून बापाला बसायची खूण केली. मग चित्र काढायला लागली. एक नळी. दुसरी नळी. मधे मशीन. मशीनमध्ये काळे ठिपके. टोपी नाही, पोलीस नाही. खाली दोन बाटल्या, आणि दोन्ही बाटल्यांवर एकेक प्रश्नचिन्ह. प्रत्येक गोष्टीवर पेन ठेवून ती बापाच्या तोंडाकडे बघायची, मग पुढे सरकायची.

"हाव, हाव," ताराचंद म्हणत होते. "समजलं. समजलं ना, बाप्पा."

तेजलनं एक बोट वर करून त्यांना थांबवलं. सगळी पाटी पुसून कोरी केली, 'आता तू काढ' अशी खूण केली आणि पेन बापाच्या हातात दिलं.